धागा: पाल, एनटीएससी आणि मोबाइल – वेगवेगळ्या फ्रेमरेटच्या फिती जोडून एकच डीव्हीडी कशी करावी?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन करतोय. त्यानिमित्ताने घरातल्या जुन्या-नव्या फिती एकत्र करून दीडेक तासाची डीव्हीडी करायची आहे. आता डीव्हीडी कोण बघतं, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. वडिलांच्या पिढीतल्या बहुतेकांकडे अजून प्लेअर आहे, रिमोटवरचं एकच बटण त्यांना पाठ आहे, आणि लिंक पाठवली तर नातवंडं सुट्टीत येईपर्यंत ती तशीच पडून राहते.

ऐवज असा आहे. ताईच्या लग्नाची १९८९ची व्हीएचएस कॅसेट, संगणकावर घेतलेली, आपल्याकडच्या पाल पद्धतीची: सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं), ७२० बाय ५७६. भाऊ न्यूजर्सीला असतो, त्याने २००३च्या सुमारास तिथल्या मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्यावर घेतलेली मंगळागौर आणि वडिलांची अमेरिकावारी, अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीची: २९.९७ फ्रेम, ७२० बाय ४८०. मोबाइलवरच्या क्लिपा भरपूर, त्यात एक वीस मिनिटांचं कीर्तन. शिवाय काकांचं ८ मिलिमीटरचं एक मूक रीळ, जे एका स्टुडिओकडून फाइल करून घेतलं. ती फाइल १६ फ्रेमची आहे.

एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये सगळं एका टाइमलाइनवर टाकून पालची डीव्हीडी बनवली. लग्न उत्तम दिसतं. न्यूजर्सीच्या भागात कॅमेरा आडवा फिरला की चित्र गचके खातं. फुगडीत तर प्रत्येकीला चार हात दिसतात. कीर्तनात बुवांचे ओठ आणि आवाज यांची शेवटी शेवटी फारकत होते, सेकंदाहून जास्त. रीळ कसंतरीच पळतं. फितींच्या फ्रेमरेटचा काहीतरी घोळ आहे एवढं कळतं, पण नक्की कुठे हात घालायचा?

चहाटळ

चार हात म्हणजे अष्टभुजेच्या निम्म्यावर आलात. मंगळागौरच आहे, खपून जाईल.

(गमतीचं सोडा. उत्तरं मलाही हवी आहेत, वाखु (वाचनखूण) साठवतो.)

मिक्सिंगवाला

बरीच वर्षं लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग केलंय, तेव्हा दुबईची आणि अमेरिकेची कॅसेट एकाच अल्बमात घालायची वेळ नेहमी यायची. दुबईची पाल, अमेरिकेची एनटीएससी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचे तीन-चार त्रास वेगवेगळ्या कारणांचे आहेत. प्रोग्रॅमने सगळ्यांना एकच औषध दिलं, तिथे गाडं अडलं. टाइमलाइनवर टाकायच्या आधी प्रत्येक फितीवर तिच्या जातीप्रमाणे वेगळा संस्कार करायचा, सगळ्या एका मापाच्या झाल्या की मगच जोडायच्या.

गचक्यांचं कारण सोपं आहे. २९.९७चे २५ करताना प्रोग्रॅम सेकंदाला पाच फ्रेम सरळ टाकून देतो, म्हणजे जवळजवळ दर सहावी. माणूस खुर्चीत बसलेला असेल तर कळतही नाही. पण कॅमेरा आडवा फिरत असेल तर सेकंदाला पाच वेळा चित्र उडी मारतं, आणि डोळा ते बरोबर टिपतो. चार हात येतात ते 'फ्रेम ब्लेंडिंग' चालू असल्यामुळे. त्यात फ्रेम टाकत नाहीत, शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळतात. संथ दृश्यात ते गुळगुळीत वाटतं, फुगडीत भुतं दिसतात. ते आधी बंद करा.

खरी गोम पुढे आहे. तुमच्या भावाची फीत २९.९७ 'फ्रेम'ची नाहीच, ती ५९.९४ 'फील्ड'ची आहे. जुन्या कॅमेऱ्यात एक फ्रेम एकदम टिपली जात नसे. आधी एकाआड एक ओळी, आणि सेकंदाच्या साठाव्या हिश्शानंतर उरलेल्या ओळी. म्हणजे हालचालीचे सेकंदाला साठ क्षण त्या फितीत खरोखर आहेत. पालच्या डीव्हीडीत पन्नास लागतात. साठांतून पन्नास निवडायचे असतील तर काम बरंच सुसह्य होतं. प्रोग्रॅम आधी साठाचे तीस करतो, निम्मी हालचाल फेकतो, मग तिसांतून पंचवीस काढतो. मग गचके बसणारच.

तर क्रम असा: फील्ड सुटी करून ५९.९४ पूर्ण फ्रेम बनवायच्या (याला 'बॉब' म्हणतात), त्यातून ५० घ्यायच्या, उंची ४८०ची ५७६ करायची, आणि पुन्हा दोन-दोन फ्रेम विणून २५ इंटरलेस्ड (दोन फील्डच्या ओळी एकाआड एक असलेल्या) फ्रेम करायच्या. उंची बदलायचं काम बॉबनंतर आणि विणण्याआधीच. इंटरलेस्ड चित्र तसंच ताणलं तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात, आणि मग कोणत्याही फिल्टरने त्या सुट्या होत नाहीत.

कृष्णाकाठ

दादा, हे कुणी इतकं फोडून सांगितलं नव्हतं. एक शंका. २९.९७ हा असला विचित्र आकडा कुणी काढला? सरळ ३० का नाही?

टर्मिनल

मुळात ३०च होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला ६० फील्ड. आपल्याकडे आणि युरोपात ५० हर्ट्झ, म्हणून ५० फील्ड, २५ फ्रेम. १९५३ साली अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं, तेव्हा रंगाची उपवाहक लहर आणि आवाजाची वाहक लहर एकमेकींत लुडबुड करून पडद्यावर नक्षी उमटवतील अशी भीती होती. ती टाळायला फ्रेमचा वेग हजारात एका भागाने कमी केला. ३० भागिले १.००१ म्हणजे २९.९७. तेव्हाच्या कृष्णधवल संचांना एवढा फरक पचत होता. आपल्याकडे दूरदर्शन १९८२ साली रंगीत झालं ते थेट पाल घेऊनच, त्यामुळे ही भानगड आपल्या वाट्याला आली नाही. आली ती अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत.

हजारात एक म्हणजे किरकोळ वाटतं, पण २९.९७ची फीत कुठल्या प्रोग्रॅमने ३० समजून चालवली तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. वीस मिनिटांत १.२ सेकंद. आता तुमच्या कीर्तनाकडे बघू. आवाज पहिल्यापासून थोडा थोडा करत सारख्या गतीने सरकतोय, की मध्येच कुठेतरी?

कृष्णाकाठ

मुद्दाम पुन्हा पाहिलं. पूर्वरंगात सगळं जुळतं. तेव्हा मंडपात उजेड होता. उत्तररंगाला अंधार पडला, मंडपातले दिवे लागले, आणि तिथून बिघडत जातं.

टर्मिनल

मग हा २९.९७चा प्रश्न नव्हे. ही फाइल 'व्हेरिएबल फ्रेमरेट'ची, म्हणजे फ्रेमचा वेग बदलत राहणारी आहे. उजेड कमी झाला की मोबाइल प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो आणि फ्रेमची संख्या खाली येते. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदलेली असते, म्हणून मोबाइलवर बघताना काही खटकत नाही. पण बरेच एडिटिंग प्रोग्रॅम ती नोंद वाचतच नाहीत. सरासरी काढतात आणि सगळ्या फ्रेम समान अंतराने मांडतात. उजेडातला भाग आणि अंधारातला भाग यांचं गणित वेगळं असल्यामुळे आवाज कधी पुढे, कधी मागे.

मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. 'फ्रेमरेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' दिसेल, खाली किमान आणि कमाल आकडेही असतात.

आणि एक कळकळीची विनंती: आवाज ताणून किंवा आवळून जुळवायला जाऊ नका. फरक सारखा नाही, त्यामुळे शेवट जुळवला तर मध्य बिघडेल. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये फाइल टाकून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (सगळीकडे सारखा वेग) निवडा, आकडा सध्या ३०च ठेवा, दर्जा भरपूर ठेवा (आरएफ, म्हणजे तिथला दर्जाचा आकडा, १६च्या आसपास), कारण ही मधली फाइल आहे, पुढे पुन्हा एन्कोड व्हायचीच आहे. हँडब्रेक वेळेच्या नोंदी वाचतो, कमी पडलेल्या फ्रेमच्या जागी आधीचीच पुन्हा घालतो. आवाज जागेवर येतो.

कृष्णाकाठ

किमान १५, कमाल ३० दाखवतंय! हँडब्रेकला लावलं आहे.

एडिसनची_सून

न्यूजर्सीचा उल्लेख दिसला म्हणून डोकावले. एक व्यवहाराचा प्रश्न विचारते. ही डीव्हीडी तुम्ही भावालाही पाठवणार असाल ना? मग पालची करून उपयोग नाही. इथले बरेच प्लेअर पाल तबकडी घेतच नाहीत. माहेरहून आलेली मुंजीची डीव्हीडी आम्ही लॅपटॉपवर बघितली, टीव्हीवर लागलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, रीजनचा प्रॉब्लेम असेल. तसं होतं का?

मिक्सिंगवाला

नाही ताई, रीजन वेगळा. रीजन हे कंपन्यांनी सिनेमांच्या तबकड्यांना घातलेलं कुलूप आहे. घरी जाळलेल्या तबकडीला ते नसतं. तुमची अडचण पाल-एनटीएससीची. लॅपटॉपला दोन्ही सारखेच, म्हणून तिथे दिसली.

उलट बाजूने फारसा त्रास नाही. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही वाचतात. वाचावे लागायचेच, कारण हिंदी सिनेमांच्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससीमध्येच निघत. परदेशातलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर असायचं. फक्त टीव्ही खूप जुना, निव्वळ पालचा असेल तर चित्र कृष्णधवल दिसतं किंवा गोल गोल फिरतं.

चहाटळ

म्हणजे सरळ एनटीएससीच करा की. एकच तबकडी, दोन्ही खंडांत चालेल. विषय संपला.

मिक्सिंगवाला

इथे माझं मत वेगळं आहे. त्यांच्याकडचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे लग्न, आणि ते पालमध्ये आहे. व्हीएचएसमध्ये मुळात तपशील बेताचाच असतो. ५७६ ओळींच्या ४८० करायच्या, ५० फील्डचे ६० करायचे, म्हणजे जे आहे त्यातूनही काही गमवायचं. बघणारे बहुतेक इथले. म्हणून इथल्यांसाठी पाल, ज्यात लग्नाच्या फितीला हातच लागणार नाही, आणि भावासाठी वेगळी एनटीएससी, ज्यात मंगळागौरीला हात लागणार नाही. काम दुप्पट वाटतं पण नाही. एकदा क्रम बसला की संगणक रात्रभर करत बसतो.

एका तबकडीवर दोन्ही घालायच्या भानगडीत मात्र पडू नका. एका टायटलसेटमध्ये (तबकडीवरच्या व्हिडिओंच्या एका गटात) पाल आणि एनटीएससी एकत्र चालत नाहीत, ऑथरिंगचे (तबकडी रचायचे) प्रोग्रॅम सरळ नकार देतात किंवा न विचारता एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून टाकतात. तुमच्याकडे बहुधा तेच झालंय.

एडिसनची_सून

+१. दोन करा. भावाकडची माणसं तुम्हाला दुवा देतील.

टर्मिनल

मिक्सिंगवाला यांनी सांगितलेला क्रम एफएफएमपेगमध्ये (आज्ञा लिहून चालवायचा व्हिडिओचा प्रोग्रॅम) कसा करायचा ते लिहितो. इथे आज्ञा जशीच्या तशी टाकत नाही, कारण लोक ती न वाचता चिकटवतात आणि मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतात.

फिल्टर चार, याच क्रमाने: बीडब्ल्यूडिफ (हाच बॉब करतो, फील्डला एक फ्रेम या मोडमध्ये), मग एफपीएस ५०, मग स्केल ७२० बाय ५७६, मग इंटरलेस. शेवटचा फिल्टर आपोआप ५०च्या २५ करतो. त्यापुढे 'टार्गेट पाल-डीव्हीडी' दिलं की आकार, २५ फ्रेम, १५ फ्रेमचा जीओपी (फ्रेमचा गट), ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ आवाज, हे सगळं डीव्हीडीच्या नियमात बसवून मिळतं. पण नुसतंच टार्गेट देऊन थांबलात आणि वरचे फिल्टर दिले नाहीत, तर तो तुमच्या प्रोग्रॅमसारखाच फ्रेम टाकून २५ करेल. एन्कोडरला इंटरलेस्ड चित्र आहे हेही सांगावं लागतं, आयएलडीसीटी आणि आयएलएमई हे दोन झेंडे लावून. नाहीतर लाल शालूच्या कडांना रंग ओघळल्यासारखा दिसतो.

लग्नाच्या फितीला यातलं काहीही करायचं नाही. ती पाल आहे, इंटरलेस्ड आहे, तशीच एन्कोड करायची. 'जुनी आहे, जरा डीइंटरलेस करू' असा मोह होतो. करू नका. संगणकावर कंगव्याचे दात दिसतात म्हणून लोक घाबरतात, टीव्हीवर ते दिसत नाहीत.

मोबाइलच्या ३०च्या फाइलींना बॉब नको, त्या इंटरलेस्ड नसतातच. फक्त एफपीएस ५०, स्केल, इंटरलेस. दर तीन फ्रेमना पाच फील्ड मिळतात: दोन, दोन, एक. अगदी लोण्यासारखं नाही, पण दर सहावी फ्रेम फेकण्यापेक्षा पुष्कळ बरं. आडव्या फाइली १६:९ असतील. लग्न ४:३ आहे, तेव्हा एकाच टायटलमध्ये ठेवायचं तर मोबाइलला वर-खाली काळी पट्टी द्या, किंवा १६:९चा वेगळा टायटल करा.

शेवटी जोडणी. कॉन्कॅट वापरून फाइली पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात, पण सगळ्यांचे आकार, फ्रेमरेट, फील्डचा क्रम, आवाजाचा प्रकार आणि किलोहर्ट्झ तंतोतंत एक असतील तरच. नाहीतर दुसऱ्या फितीपासून आवाज पांगतो, किंवा प्लेअर जोडाजवळ अडकतो.

कृष्णाकाठ

हँडब्रेकने कीर्तन जुळलं! शेवटच्या अभंगापर्यंत टाळ आणि हात एकत्र आहेत. धन्यवाद.

मंगळागौर आता गचके खात नाही, पण एक नवीनच दिसतंय. टीव्हीवर फुगडी थरथरते. पुढे-मागे, पुढे-मागे. संगणकावर ठीक आहे.

मिक्सिंगवाला

फील्डचा क्रम उलटा गेलाय. मिनीडीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं. संगणकावर कार्डाने घेतलेल्या व्हीएचएसमध्ये बहुतेकदा वरचं आधी. बॉब करताना क्रम उलटा धरला गेला की नंतरचा क्षण आधी दाखवला जातो, मग आधीचा, मग पुढचा. माणूस दोन पावलं पुढे, एक मागे. वारकऱ्यांचा पावली खेळ तसा दिसतो, फुगडीत नको.

बीडब्ल्यूडिफला 'खालचं आधी' असं हाताने सांगा, आपोआपवर सोडू नका. फाइल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाताना क्रमाची नोंद हरवणं फार नेहमीचं आहे. पटकन तपासायचं असेल तर फक्त बॉब करून फाइल एकेक फ्रेम पुढे ढकलत बघा. हात एकाच दिशेने सरकत गेला तर क्रम बरोबर, मागे-पुढे हलला तर उलटा. इंटरलेस फिल्टरला मात्र वरचं आधी द्या, म्हणजे लग्नाशी जुळेल.

आणि चाचणीच्या तबकड्या पुन्हा लिहिता येणाऱ्या घ्या, आरडब्ल्यू. संगणकावर बघून डीव्हीडी कधीही पास करू नये. ती ज्या टीव्हीवर लागणार त्यावरच बघावी.

तानपुरा

तांत्रिक गोष्टींतलं मला फार कळत नाही, पण फ्रेमरेटचा एक त्रास आम्ही गाणारे लोक वेगळ्याच अंगाने भोगतो. एका कार्यक्रमाची डीव्हीडी हातात आली, वाजवून पाहिली तर मी काळी एकमध्ये (पेटीवरची पट्टी) गायले होते आणि तबकडीवर जवळजवळ पांढरी दोन लागत होती. तानाही जरा तुरुतुरु धावत होत्या. चित्रण करणाऱ्याने सांगितलं की कॅमेरा 'सिनेमासारखा' २४वर ठेवला होता. याचा संबंध आहे का?

टर्मिनल

शंभर टक्के आहे. २४ किंवा २३.९७६ फ्रेमचं चित्रण पालमध्ये घालायची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे तेच २५च्या वेगाने पळवायचं. युरोपात आणि आपल्याकडे टीव्हीवर सिनेमे वर्षानुवर्षं असेच दाखवले गेले. एकही फ्रेम जात नाही, एकही वाढत नाही, चित्र अगदी सुबक. पण सगळं चार टक्क्यांहून थोडं जास्त वेगाने धावतं, आणि आवाज त्याच वेगाने पळवला तर स्वर शेजारच्या पट्टीच्या पाऊण अंतरापर्यंत चढतो. बोलण्यात कुणाला कळत नाही, षड्ज लावलेल्या माणसाला लगेच कळतं.

उपाय दोन आहेत. वेग वाढवायचाच, पण आवाजाची लांबी कमी करताना स्वर जागेवर ठेवणारा फिल्टर वापरायचा; एफएफएमपेगमध्ये तो एटेम्पो. तानपुऱ्याच्या सलग नादात कधीकधी त्याची किंचित घरघर ऐकू येते. दुसरा उपाय, वेगाला हातच लावायचा नाही, फ्रेम ५० फील्डवर वाटून द्यायच्या. गाण्याच्या कार्यक्रमात कॅमेरा फारसा फिरत नाही, त्यामुळे चित्रातला बारीक अडखळा खपतो. मी गाण्यासाठी दुसराच घेईन. लयीला धक्का लागलेला ऐकणाऱ्याला चालत नाही.

तानपुरा

लयच महत्त्वाची. चित्र अडखळलं तर डोळे मिटून ऐकता येतं :)

मिक्सिंगवाला

कृष्णाकाठ, तुमचं रीळ राहिलं. त्याला २४वाला पहिला उपाय फिट्ट बसतो, कारण आवाजच नाही. १६च्या ऐवजी सेकंदाला १६.६७ फ्रेमने चालवा. ५० फील्डला तीनने भागलं की तेवढेच येतात, म्हणजे प्रत्येक चित्राला बरोबर तीन फील्ड. सगळीकडे सारखी चाल, कुठे अडखळणं नाही. वेग चार टक्के वाढतो, तो कुणाच्या लक्षात येणार नाही. मात्र आधी खात्री करा की रीळ खरंच १६चं आहे. ८ मिलिमीटरचे जुने कॅमेरे साधारण १६वर चालत, सुपर ८चे १८वर. भोकं बघा: जुन्यात भोकं मोठी आणि दोन चित्रांमधल्या रेघेच्या बाजूला, सुपर ८मध्ये लहान आणि चित्राच्या मध्यावर. माणसं चार्ली चॅप्लिनसारखी लुटूलुटू चालत असतील तर वेग जास्त धरलाय, पाण्यात चालल्यासारखी असतील तर कमी.

कृष्णाकाठ

भोकं मोठी आहेत, रेघेच्या बाजूलाच. १६.६७वर काका आता माणसासारखे चालतात. फील्डचा क्रम बदलल्यावर फुगडीही नीट फिरतेय, दोनच हात.

आता शेवटचं. भावाच्या मिनीडीव्हीतल्या एका कॅसेटचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा येतोय. मीडियाइन्फो ३२ किलोहर्ट्झ म्हणतंय. आणि एकूण वेळ ९२ मिनिटं झाली, एका तबकडीवर बसेल का?

टर्मिनल

मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत आवाजाचे दोन पर्याय असत, १६ बिट ४८ किलोहर्ट्झ आणि १२ बिट ३२ किलोहर्ट्झ. बऱ्याच कॅमेऱ्यांत दुसराच आधीपासून लावलेला असायचा. ती कॅसेट जोडण्यापूर्वी ४८वर आणा. दर्जा वाढणार नाही, पण जोडणी बिघडणार नाही. काही मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिपा ४४.१च्या असतात, त्याही बघून घ्या.

९२ मिनिटं आरामात बसतील. एका थराच्या तबकडीवर ४.७ जीबी मावतं, म्हणजे तुमच्या वेळेला आवाजासकट सेकंदाला पावणेसात मेगाबिटच्या आसपास. मेनू आणि काठावरची जागा सोडून चित्राला सहा ठेवा. वरची मर्यादा ९.८ची आहे, पण तिथपर्यंत गेलात तर घरी जाळलेल्या तबकड्या जुन्या प्लेअरवर अडखळतात. व्हीएचएसला थोडा जास्त बिटरेट द्या, तिच्यातली खरखर एन्कोडरला फार महाग पडते. शक्य असेल तर आधी हलका डीनॉइज (खरखर कमी करणारा फिल्टर).

एडिसनची_सून

अवांतर: पुढच्या वेळी मोबाइलवरच २५ ठेवता येतं का? कार्यक्रमाचं चित्रण करणारच असाल ना तुम्ही.

टर्मिनल

येतं. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'शो पाल फॉरमॅट्स' असा खटका आहे, तो चालू केला की २५ दिसतं. अँड्रॉइडवर फोनच्या कॅमेऱ्यात नसेल तर वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. आपल्याकडे २५ घ्यायचं अजून एक कारण आहे. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ३० फ्रेमशी तो हिशोब जुळत नाही, म्हणून कार्यालयातल्या चित्रणात कधीकधी पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला की ते जातात. ओवाळतानाच्या निरांजनांच्या उजेडात फोन फ्रेम कमी करायला बघेल, तेव्हा चार दिवे जास्तीचे लावा.

कृष्णाकाठ

खटका सापडला, २५ लावून ठेवलं. भाच्याच्या फोनवरही लावतो, तोच जास्त हिंडतो.

पालची आरडब्ल्यू आत्याच्या टीव्हीवर लावून बघितली, चारही भाग नीट लागले. आता भावाची एनटीएससी करायला घेतोय. लग्नाच्या फितीला उलटा क्रम ना? बॉब करून ५०, मग ५९.९४, मग ४८०, मग विणायचं?

मिक्सिंगवाला

बरोबर. आणि रिळाला तिकडे वेगळा हिशोब. ५९.९४ भागिले चार म्हणजे जवळजवळ १५ फ्रेम, प्रत्येक चित्राला चार फील्ड. १६चं १५ केलं तर जरा संथ होईल, पण चाल सारखी राहील. काका थोडे ऐटीत चालतील एवढंच. जाळताना वेग कमीच ठेवा, ४ पटीचा, आणि तबकडी फायनलाइझ करा.